केवढ्याले पडली?

आमच्याकडे कोणाच्याही दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, केवढ्याले पडली? आणि उत्तर कायम गोल आकड्यात. सात. साडेआठ. "अकराच्या आसपास गेली पहा." त्यात एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत किती, विमा किती, आरटीओचे किती, कर्ज कोणत्या दराने, हे कोणी सांगत नाही आणि कोणी खोदून विचारतही नाही, कारण तसं विचारलं तर दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं. कापसाचं मात्र असं नाही. कोणत्या जिनिंगवर काय भाव निघाला, कोणी किती कटती, म्हणजे कपात, लावली, हे आमच्या चौकात सकाळच्या चहाला सगळ्यांना माहीत असतं आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी माल कुठे न्यायचा ते ठरतं. गाडीचा कागद तेवढा कपाटात जातो. मला मनापासून वाटतं की तो कागद कपाटात जाऊ नये, कारण शोरूमवाल्याची जी काही ताकद आहे ती आपल्या बोलण्यातल्या कच्चेपणात नाही, ती या बंद कपाटात आहे, शेजारच्याने नेमके कशाकशाचे पैसे दिले हे आपल्याला कळत नाही म्हणून आपण दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवर आहे. शाळा नि घर यात बऱ्यापैकी अंतर, मधला एक पट्टा पावसाळ्यात नुसता काळ्या मातीचा चिखल, स्कूटी सरळ राहत नाही, आणि एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. छोटी पेट्रोल गाडी घ्यायची हे बरेच दिवस मनात होतं. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे, हंगामात दुकान सोडून त्यांना निघता येत नाही, म्हणून सोबत चला असं मी मोठेबाबांना म्हटलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ.

मोठेबाबांनी उभ्या जन्मात चारचाकी घेतली नाही. बैलजोड्या मात्र भरपूर घेतल्या आणि विकल्या, स्वतःच्या आणि गावातल्या दहा लोकांच्या, पोळ्याच्या आधी बाजाराला जायचं तर लोक त्यांना मुद्दाम घेऊन जायचे. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक शेल्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. लहानपणी मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते, शेल्याखाली नुसती हालचाल दिसत होती आणि दोघांचे चेहरे एकदम कोरे. पण त्याच्या कितीतरी आधी मोठेबाबांनी बैलाचे दात पाहिले होते, खूर उचलून पाहिले होते, चालवून पाहिलं होतं, आणि मुख्य म्हणजे अख्खा बाजार फिरून आज कोणती जोडी कितीला सुटली हे काढून आणलं होतं. अर्धा सौदा फिरण्यातच होते, असं ते म्हणायचे. शोरूमला निघताना मला त्यांचं हे फिरणं हवं होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही विचारपूस सुरू केली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे जो तो थांबलेला आणि शोरूममध्ये माणूस दिसेना. सेल्समनचे फोन सुरू. मॅडम आजच्या आज बुकिंग केलं तर तीस हजार डिस्काउंट देतो, उद्याचं सांगू शकत नाही. मोठेबाबांना फोन स्पीकरवर ऐकवला तर म्हणाले, "जो आजच घ्या म्हंते ना, त्याले उद्या बी इकाचंच हाय." मग ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने निर्णय घेतला, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. मधे पितृपक्ष होता आणि पितृपक्षात तसंही आमच्याकडे नवी वस्तू घरात येत नाही.

आता हा भाग जरा नीट सांगते कारण इथेच बहुतेकांची गल्लत झाली. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ टक्के झाला. म्हणजे कर लागायच्या आधी जी गाडी ५ लाखाची, ती ६ लाख ४५ हजारांना मिळायची ती ५ लाख ९० हजारांवर आली. फरक ५५ हजार. मी बघत होते ती गाडी साधारण एवढ्याचीच, त्यामुळे हा आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. नवरात्रात शोरूमला गेलो तर दारातच मोठा फलक, ७० हजारांपर्यंत बचत. म्हटलं हे सत्तर मला फोडून सांगा. तर त्यातले पंचावन्न सरकारने कमी केलेले, पाच जुनी गाडी एक्सचेंजला दिली तर मिळणार, आणि माझ्याकडे जुनी गाडीच नाही. राहिले दहा. म्हणजे ऑगस्टमध्ये जो डीलर स्वतःच्या खिशातून तीस द्यायला तयार होता तो गर्दी झाल्यावर दहावर आला होता आणि फलकावर मात्र सत्तर. गर्दीत सूट कमी होणार हे समजण्यासारखं आहे, धंदा आहे त्यांचा, पण कराची सूट स्वतःच्या नावावर दाखवणं हे मला पटलं नाही आणि अजून पटत नाही. त्या दिवशी आमच्या आजूबाजूला बसलेली माणसं सत्तर हजार वाचले म्हणून खूश होती.

एक गोष्ट आधी बोलते. आपली माणसं भाजीबाजारात मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि त्या काचेच्या दारातून आत गेलं की आवाज खाली जातो. एसी, सोफा, कॉफी, टाय घातलेला पोरगा मॅडम मॅडम करतो, आणि एवढ्या मानाने बसवल्यावर हे कमी करा ते कमी करा म्हणायचं म्हणजे हलकेपणा वाटतो. त्यात बाई असली की अजून वेगळंच. तो पोरगा सगळं मोठेबाबांकडे बघून बोलत होता, बाबा मॅडमसाठी ऑटोमॅटिक बघा, लेडीजला सोपी पडते. मोठेबाबांनी शांतपणे सांगितलं, "पैसे तिचे हायेत, चालवणार ते हाये. तिच्यासंग बोला." त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला आणि खरं सांगायचं तर नीट बोलला, आपल्याच भागातला पोरगा होता, पगार बेताचा आणि विमा, अ‍ॅक्सेसरीज विकल्या की वरून काहीतरी मिळतं, त्याच्यावर आवाज चढवून काही होणार नव्हतं आणि चढवायचाही नव्हता.

त्याने छापील कागदावर बॉलपेनने कोटेशन लिहून दिलं. एक्स-शोरूम ५,९०,०००. आरटीओ ७४,०००. इन्शुरन्स ३६,५००. अ‍ॅक्सेसरीज किट १४,०००. एक्स्टेंडेड वॉरंटी १३,०००. हँडलिंग ८,५००. फास्टॅग १,०००. बेरीज ७,३७,०००, त्यावर आडवी रेघ, बाजूला 'स्पेशल' लिहून दहा हजार कमी आणि शेवटी ७,२७,००० भोवती दोनदा गोल. पेन त्या गोलावरच टेकवून तो बोलत राहिला. सगळ्यांचं बोलणं त्या गोलावरच सुरू होतं आणि तिथेच संपतं, अजून पाच कमी करा, बरं तीन करतो, चला झालं. मोठेबाबांनी चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि वरून एकेका ओळीवर बोट ठेवत गेले, जसं बैलाचे दात मोजतात तसं.

हँडलिंगवर बोट थांबलं. हे कायचे पैसे व्हय? तर म्हणे बाबा, गाडी यार्डातून इथपर्यंत आणायची, धुवायची, पेपर करायचे. मोठेबाबा म्हणाले, "मंग ते शोरूमची किंमत म्हून वर जे लिवलं ते कुठपर्यंतची? इथपर्यंतचीच ना?" पोरगा हसला आणि मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत गेला. हे हँडलिंगचे, लॉजिस्टिकचे, फाइल चार्जचे पैसे सरकारकडे जात नाहीत, ते पूर्ण डीलरचे, आणि जो विचारतो त्याचे निघतात. आमचे निघाले.

आरटीओची ओळ सगळ्यात बिनबोभाट असते, कारण सरकारी नाव आलं की आपण बोलणं बंद करतो. पण हा हिशेब कोणालाही घरी करता येतो. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. ५,९०,००० चे ११ टक्के म्हणजे ६४,९००. त्यावर किरकोळ उपकर, नोंदणीची फी ६००, स्मार्ट कार्डाचे २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. सगळं धरूनही ६९ हजारांच्या आत बसतं, मग ७४ कशाचे? मी म्हटलं जेवढी ऑनलाइन पावती निघेल तेवढे घ्या आणि पावती मला द्या. एवढंच म्हटलं. भांडण नाही, काही नाही, ती ओळ ६९ झाली.

विम्यावर मात्र जोर लावावा लागला. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, आणि त्याचा दर ठरलेला आहे, २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० अधिक जीएसटी. हा कोणाकडेही गेलं तरी तेवढाच. कमी-जास्त होतं ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) वगैरे जे जोडतात त्यात. मी आदल्या रात्री ऑनलाइन तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच अ‍ॅड-ऑन टाकून दर काढला होता, २६ हजारांच्या आसपास येत होता, शोरूमचा साडेछत्तीस. पोरगा म्हणाला बाहेरून घेतला तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस होणार नाही मॅडम, अपघात झाला तर धावपळ होईल. या वाक्याला सगळे घाबरतात. विमा कोणाकडून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, डीलर सक्ती करू शकत नाही, आणि कॅशलेस हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असतं, यादी कंपनीच्या साइटवर असते. मी मोबाइलवर ती यादी उघडून त्यांच्याच वर्कशॉपचं नाव दाखवलं. मग मॅनेजर स्वतः आले आणि विमा २७ हजारांत आम्हीच करून देतो म्हणाले. हजार रुपये जास्त गेले ते मी जाऊ दिले, दाव्याच्या वेळी एकाच दारात जायचं होतं.

यावरून आठवलं, आमच्या चुलत दिरांनी गेल्या वर्षी जुनी गाडी विकून नवी घेतली, पाच वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणजे त्यांचा नो क्लेम बोनस, विम्याच्या हप्त्यातली सूट, पन्नास टक्क्यांवर पोचलेला. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, नव्या गाडीच्या विम्यावर लावून घेता येतो. शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही आणि यांना माहीत नव्हतं. गेले ते पैसे. त्यांच्या आधी गावात गाडी बदललेला एक माणूस होता ज्याने हा बोनस लावून घेतला होता. त्याने कोणाला सांगितलं नाही, वाईट मनाने नाही, कोणी विचारलंच नाही म्हणून.

बाकी भराभर सांगते. किटमधून मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, साडेतीन हजार, सीट कव्हर आणि परफ्यूम काढले. वॉरंटी मी घेतली, ११ हजारांत, कारण सर्व्हिस सेंटर लांब, इथे पांदण रस्त्यावर गाडी चालणार, मला ती गरजेची वाटली. शिक्षकांना आणि सरकारी नोकरांना वेगळी सूट असते हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर शाळेचं ओळखपत्र मागितलं आणि ४ हजार कमी झाले. फास्टॅग पाचशेत. मधे मी अमरावतीच्या दुसऱ्या डीलरचं त्याच मॉडेलचं, त्याच रंगाचं लेखी कोटेशन आणून टेबलावर ठेवलं होतं, कारण राज्यात कुठूनही घेतली तरी कर तोच आणि पासिंग आपल्याच पत्त्यावर एमएच २९ होतं, हे पुष्कळांना अजून माहीत नाही, लोकांना वाटतं नागपूरहून घेतली तर एमएच ३१ येईल. शेवटी ६,८७,००० ला सौदा. ७,२७,००० चे ६,८७,०००. आणि शिक्षकांचे ते चार हजार सोडले तर गाडीच्या किमतीवरची सूट एक रुपयानेही वाढली नव्हती, बाकी सगळे त्या खालच्या ओळींतून निघाले. मोठेबाबांनी यात फार तर पाच वाक्यं बोलली असतील.

गाडी घरी आली तेव्हा पहिलं कोटेशन आणि शेवटचं इन्व्हॉइस, दोन्हीचे फोटो काढून मी गावच्या ग्रुपवर टाकले, आधार-पॅन आणि खात्याचे आकडे झाकून. नवऱ्याला ते आवडलं नाही, म्हणाले लोकांना कर्ज कळेल, लोक बोलतील. थोडं बोललेही लोक. पण आठवड्याभरात फोन यायला लागले ते हँडलिंगचे पैसे कसे काढायचे याचे, आणि एका घरातली सून तो फोटो छापून घेऊन शोरूमला गेली, तिथे तिला कोणी ७४ हजार आरटीओ लिहून दिलं नाही.

आता शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याचं चाललंय आणि त्याचं प्रकरण माझ्यापेक्षा अवघड आहे. मला पगाराची स्लिप होती, बँक सरळ उभी राहिली. त्याच्याकडे आठ एकर, कपाशी आणि तूर, पैसा येतो तो दिवाळी ते होळीच्या मधे, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शोरूमच्या फायनान्सवाल्याने त्याला दोन रस्ते दाखवले. एक, ५ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅटने. ऐकायला बँकेच्या ९ टक्क्यांपेक्षा स्वस्त. पण फ्लॅटमध्ये व्याज पाचही वर्षं पूर्ण ५ लाखांवरच लागतं, मुद्दल फिटत आलं तरी, हप्ता ११,२५० बसतो, आणि बँकेच्या पद्धतीने मोजलं तर तो दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. बँकेच्या ९ टक्क्यांनी तेच ५ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १०,३७९. दुसरा रस्ता, सात वर्षं करा, ९ टक्क्यांनीच, हप्ता ८,०४५ वर येतो. येतो खरा, पण दोन वर्षं जास्त भरायचे आणि एकूण ५३ हजार जास्त जातात, म्हणजे जवळजवळ अख्ख्या जीएसटीच्या कपातीएवढे. हे मी त्याच्या घरी ओट्यावर बसून त्याच्या पोरीच्या वहीत लिहून दाखवलं, ती दहावीला आहे, चक्रवाढ तिला येतं, बापापेक्षा तिलाच आधी कळलं आणि तिने दोन्ही आकडे पुन्हा करून बघितले.

त्याला गाडी हवीच आहे, आई डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा यवतमाळ, भाड्याच्या गाडीत पैसा जातो तो वेगळाच. नको घेऊस असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी बनलेली एक गाडी त्याला बऱ्याच सुटीत देतायत, चेसिस नंबरवरून महिना-वर्ष काढून बघितलं, गोष्ट खरी आहे. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याने अशी घेऊ नये, विकताना वर्षच बघतात, पण हा दहा वर्षं वापरणार, त्याने घ्यावी, फक्त टायर आणि बॅटरी नीट तपासून. सोमवारी आम्ही बँकेत जाणार आहोत, त्याचा सात-बारा, कापसाच्या आणि तुरीच्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या आणि पासबुक घेऊन, बघू किती दर लावतात ते. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे आणि मोठेबाबांना सकाळी लवकर तयार राहा म्हणून सांगितलंय.